बोट काढलं की आवाज जायचा

रविवारी संध्याकाळी साडेसहाच्या सुमाराला माझा रेडिओ पहिल्यांदा बोलला. रेडिओ म्हणजे काय तर एक लाकडी फळी, त्यावर तांब्याची तार गुंडाळलेली प्लास्टिकची नळी, स्टेशन बदलायचा पात्यांचा एक गँग कंडेन्सर, वीज एकाच दिशेने जाऊ देणारा मुंगळ्याएवढा एक डायोड आणि वायरी पकडायला चार स्क्रू. त्याला ना बटण ना डबा. कानात घालायचा एकच इअरफोन, तोही जुन्या पद्धतीचा. तीन आठवडे या फळीने नुसतं मौन पाळलं होतं आणि त्या संध्याकाळी मी कंटाळून एक स्क्रू सैल आहे का बघायला म्हणून त्यावर बोट टेकवलं, तर कानात एक माणूस बोलायला लागला. अगदी लांबून, भिंतीपलीकडे कुणीतरी कुणाला तरी काहीतरी समजावून सांगतंय असा आवाज. शब्द धड कळत नव्हते, पण बोलण्याचे चढउतार, मधेच श्वास घेणं, सगळं होतं. मी ओरडलेच. मुलगा आतल्या खोलीतून धावत आला, त्याच्या कानात इअरफोन कोंबला, तो म्हणाला येतंय येतंय! आणि मी फोटो काढावा म्हणून फोनकडे हात नेला तसं तो म्हणाला, गेलं.

परत बोट ठेवलं. आलं. काढलं. गेलं.

असं आम्ही सात-आठ वेळा केलं असेल, आधी हसत हसत, मग जरा गंभीर होऊन. शेवटी मुलगा, वय वर्षं अकरा, अगदी सहज म्हणाला, "आई, म्हणजे तू रेडिओचा पार्ट आहेस." आणि अभ्यासाला निघून गेला. मी मात्र तिथेच बसून राहिले, एका स्क्रूवर बोट ठेवून, आणि का कोण जाणे मला ते वाक्य लागलंच. खरं तर आनंदाचा दिवस, रेडिओ वाजला होता, पण झोपताना डोक्यात तेवढंच फिरत होतं की मी बनवलेली वस्तू मी हात काढल्यावर चालत नाही.

हे सगळं सुरू का केलं याचं नीट उत्तर माझ्याकडे नाही. इलेक्ट्रॉनिक्सशी माझा संबंध शून्य, शाळेत सर्किटच्या आकृतीत बॅटरीची मोठी रेघ प्लस की छोटी हे सुद्धा मी पाठ करून जायचे आणि पेपरात उलटं काढायचे. पण क्रिस्टल रेडिओ म्हणून एक प्रकार असतो, त्याला बॅटरीच लागत नाही, हे कुठेतरी वाचलं आणि ते टोचत राहिलं. बॅटरी नाही, प्लग नाही, मग वाजतो कशावर? उत्तर वाचलं तर इतकं सोपं की ते खरं वाटेना. तिकडे दूर कुठेतरी ट्रान्समीटर हजारो वॅट हवेत उधळतोय, त्यातला एक नखाएवढाही नाही इतका क्षुल्लक वाटा तुमच्या तारेत उतरतो आणि तेवढ्यावर इअरफोनचा पडदा हलतो. म्हणजे बोलणारा माणूस स्वतःच्याच ताकदीने माझ्या कानापर्यंत येतो, मी फक्त दार उघडं ठेवायचं. हे वाचल्यावर मी ठरवलं की हे एकदा स्वतःच्या कानाने ऐकल्याशिवाय मी मानणार नाही.

सगळ्यात आधी कॉइल. पाच सेंटिमीटर जाडीची नळी, त्यावर अर्ध्या मिलिमीटरची वाइंडिंगची तार, ऐंशी वेढे. ऐकायला किती सोपं आहे ना! प्रत्यक्षात ती तार जिवंत असल्यासारखी वागते, एका हाताने ताण धरायचा, दुसऱ्या हाताने नळी फिरवायची, प्रत्येक वेढा आधीच्याला चिकटून बसला पाहिजे, आणि मनात मोजत राहायचं. त्रेपन्नाव्या वेढ्याला फोन वाजला. मी तो घेतला नाही, पण मोजणी विसरले, त्रेपन्न की त्रेसष्ट, आणि मग भिंग घेऊन सुईच्या टोकाने एकेक वेढा मोजत बसले. जवळजवळ तेरा मीटर तार लागते त्याला, आणि ती सगळी जाते फक्त साडेचार सेंटिमीटर जागेत. पूर्ण झाल्यावर ती कॉइल इतकी सुंदर दिसत होती, दिव्याखाली धरली की मधासारखा पिवळा-तांबूस रंग आणि बारीक बारीक रेघा, की त्या रात्री मी ती नुसतीच टेबलावर ठेवून बघत बसले होते. अशी कॉइल साधारण दोनशे चाळीस मायक्रोहेन्रीची होते (हे कॉइलचं माप), तिच्यासोबत ३६५ पिकोफॅरडचा (हे कंडेन्सरमध्ये वीज किती मावते त्याचं माप) गँग लावला की पाती पूर्ण आत असताना साधारण ५३० किलोहर्ट्झ आणि पूर्ण बाहेर काढली की १६०० च्या आसपास, म्हणजे अख्खा मीडियम वेव्ह बँड त्या एका खुंटीत. ती खुंटी फिरवताना पात्यांचा जो एकमेकांत न शिवता सरकण्याचा प्रकार असतो, आवाज जवळजवळ नाहीच, पण हाताला मऊ तेलकट विरोध जाणवतो, तो मला फार आवडतो. काही काम नसताना पण मी ती फिरवायचे.

आणि मग काहीच वाजलं नाही. पहिला आठवडा असाच गेला. कारण काय तर वाइंडिंगच्या तारेवर पारदर्शक इनॅमल असतं, ते टोकाला पॉलिश पेपरने घासून काढावं लागतं, नाहीतर तार कुठेही घट्ट पिळून बांधा, वीज आत शिरत नाही. ते इनॅमल दिसत नाही हो! तार उघडी तांब्याची वाटते. मी चारही जोड इतके सुबक पिळले होते, आणि एकही जोड जोडलेला नव्हता. मल्टीमीटर लावल्यावर तो बीप करेना तेव्हा मला आधी वाटलं मल्टीमीटरच बिघडलाय. शेवटी ब्लेडने खरवडल्यावर खालून खरं तांबं निघालं, गुलाबी, ताजं. आधीचा सुंदर रंग म्हणजे वरचं इनॅमल होतं हे कळल्यावर मला त्या कॉइलचा थोडा रागच आला.

दुसरा आठवडा डायोडने खाल्ला. मी सिलिकॉनचा लावला होता, सहज मिळतो तो, दिसायलाही डौलदार. पण सिलिकॉन डायोड उघडायलाच साधारण ०.६ व्होल्ट मागतो आणि माझ्या तारेत येत होतं त्याच्या कितीतरी खाली, म्हणजे दारात पाहुणा उभा आणि कडी त्याच्या हाताला पोचत नाही. जर्मेनियमचा १एन३४ए लागतो, त्याला ०.२-०.३ व्होल्ट पुरतात आणि त्याच्याही खाली तो थोडाफार झिरपू देतो. इअरफोनचं पण तेच, फोनचे नेहमीचे इअरफोन ३२ ओहमचे वगैरे असतात, ते या बिचाऱ्या सर्किटला जवळजवळ शॉर्टच करून टाकतात, म्हणून अगदी कमी करंट ओढणारा तो जुना पिएझोवाला इअरफोन, आणि त्याला समांतर एक ४७ किलोओहमचा रेझिस्टर. हे सगळं लिहायला चार ओळी लागल्या. करायला रात्री किती गेल्या ते नवऱ्याला विचारा.

या डायोडच्या निमित्ताने जे वाचत गेले त्यात मला एक गोष्ट फार आवडली. आज काचेच्या नळीत बंद होऊन जो पार्ट मिळतो तो आधी नुसता खडा होता. गॅलेना, म्हणजे शिशाचं खनिज, चकचकीत काळपट खडा, त्यावर बारीक तारेचं टोक टेकवायचं आणि कुठे टेकवलं की आवाज येतो ते शोधत बसायचं. जगदीशचंद्र बोसांनी गॅलेनाच्या अशा डिटेक्टरच्या पेटंटसाठी १९०१ मध्ये अर्ज केला, अमेरिकेचं पेटंट मिळालं १९०४ मध्ये, म्हणजे डायोड हा शब्द सुद्धा जन्माला यायचा होता तेव्हा. आणि पुढे दुसऱ्या महायुद्धात, १९४४ ला इटलीत आंझिओच्या किनाऱ्यावर खंदकात अडकलेल्या सैनिकांनी तर दाढीच्या ब्लेडवर पेन्सिलचं शिसं टेकवून रेडिओ ऐकले. ब्लेडवरचा निळसर थर डायोडचं काम करतो. मी ते पण करून बघितलं, ब्लेडवर पेन्सिल सरकवत अर्धा तास, मान अवघडली, काही आलं नाही. पण त्या अर्ध्या तासात मला त्या कुणा सैनिकाची फार आठवण आली, म्हणजे आठवण कशी येणार, मी त्याला ओळखत नाही, पण अंधारात ब्लेडवर एक जागा शोधणारा हात मला दिसत राहिला. आणि माझ्या हाताशी तर तोवर सगळं नीट होतं, योग्य डायोड, योग्य इअरफोन, घासलेल्या तारा. तरी शांतता.

मग त्या रविवारी ते बोट.

रात्री झोप लागेना तेव्हा मला अचानक आठवलं की हे काम मी आधी पण केलंय. लहानपणी बाबांचा एक ट्रान्झिस्टर होता, चामड्याच्या कव्हरमधला, बातम्यांच्या वेळी तो टेबलावर यायचा. त्याची ओढून लांब करायची एरियल मधोमध मोडलेली होती आणि शॉर्टवेव्ह लावली की तिला कुणीतरी हात लावून उभं राहिलं तरच स्टेशन स्पष्ट यायचं. कुणीतरी म्हणजे मी, कारण मी सगळ्यात लहान. "तिथेच थांब. हलू नकोस. हां, अस्सं." मी दोन बोटात ती थंडगार दांडी धरून उभी, बाबा पुढे वाकून कान लावून बसलेले, आणि मजा म्हणजे मला बातम्यांमधलं काही कळायचं नाही, रस पण नव्हता, माझं सगळं लक्ष बाबांच्या चेहऱ्यावर. आवाज नीट आला की त्यांच्या कपाळावरची आठी सैल व्हायची. मी किंचित हलले की परत आठी. म्हणजे बाबांचा चेहराच माझा रेडिओ होता म्हणा ना. हात दुखायचा, पायाला मुंग्या यायच्या, चिडचिड व्हायची, आणि तरी, हे मी कधी कुणाला सांगितलं नाही, बातम्या संपून बाबांनी खटकन बटण बंद केलं की मला थोडं वाईट वाटायचं. आता हात सोडायचा.

तो ट्रान्झिस्टर पुढे भंगारात गेला. मीच दिला. बाबा गेल्यावर घर आवरताना एका पिशवीत होता, सेल आतच फुटून हिरवट बुरशी धरलेली, कव्हरला वास येत होता. उघडून बघावं असं वाटलं सुद्धा नाही. आज वाटतं की आतली फेराइटची कांडी, ती सुबक छोटी गँग, सगळं होतं की त्यात. पण तेव्हा मला त्या पिशवीचा फक्त वास नको होता.

तर प्रश्न असा होता की बोटाने नेमकं होत काय होतं. मी हे लावून धरलं, ऑफिसात सुद्धा मीटिंगमध्ये वहीच्या मागच्या पानावर तेच सर्किट काढत बसायचे. उत्तर शेवटी मिळालं आणि ते फार अपमानास्पद निघालं. १००० किलोहर्ट्झच्या आसपासच्या लाटेची लांबी तीनशे मीटर. तिला नीट पकडायचं तर तिच्या चौथाईएवढी, म्हणजे पंचाहत्तर मीटर तार उभी करायला हवी, माझी तार जेमतेम पंधरा मीटरची, कपडे वाळत घालायच्या दोरीसारखी टांगलेली. एवढ्या आखूड तारेत जो काही करंट येतो त्याला कॉइलमधून जाऊन पुढे कुठेतरी उतरायला जागा पाहिजे. ती जागा म्हणजे अर्थिंग. मार्कोनीची पण मोठी युक्ती हीच होती, एक टोक आकाशात आणि दुसरं जमिनीत. आणि मी अर्थिंग केलं नव्हतं असं नाही! जुन्या सूचनांमध्ये लिहिलेलं असतं तसं अर्थची वायर घासून पुसून पाण्याच्या नळाला बांधली होती, चांगला चकचकीत धातूचा नळ. पण त्या सूचना लिहिल्या तेव्हा नळामागे लोखंडी पाइप असायचा आणि तो थेट जमिनीत जायचा. माझ्या भिंतीत प्लास्टिकचा पाइप आहे. म्हणजे माझं अर्थिंग भिंतीत दोन इंच आत जाऊन संपत होतं, आणि मी तीन आठवडे त्या नळाकडे बघून म्हणत होते की अर्थचा काही प्रॉब्लेम नाही.

मग बोट? इलेक्ट्रॉनिक्सवाले लोक स्टॅटिकचा झटका बसून पार्ट मरतात का हे तपासतात, तेव्हा माणसाच्या ऐवजी एक कंडेन्सर आणि एक रेझिस्टर वापरतात. तो कंडेन्सर असतो १०० पिकोफॅरडचा. मला हे वाचून हसूच आलं, म्हणजे माणूस म्हटला की १०० पिकोफॅरड, माझ्या गँगच्या पाव हिश्शाहून जरा जास्त. मी अर्थच्या स्क्रूला बोट लावत होते तेव्हा करंटला जमीन मिळत नव्हती पण मी मिळत होते. त्याला तेवढं पुरत होतं. थोडा वेळ माझ्यात शिरायचं, उलट फिरायचं, परत शिरायचं, सेकंदाला दहा लाख वेळा, आणि मला गुदगुली सुद्धा नाही. मुलगा बरोबर बोलला होता. मी पार्टच होते, शंभर पिकोफॅरडचा.

हे कळल्यावर लगेच दुरुस्त करायला पाहिजे होतं ना? मी चार-पाच दिवस लावले. ऑफिस होतं, वेळ नव्हता, ही कारणं खरीच आहेत, पण खरं सांगायचं तर रोज रात्री जेवणानंतर मी त्या फळीपाशी बसायचे, अर्थच्या स्क्रूवर डाव्या हाताचं बोट, कानात इअरफोन, डोळे मिटून. रात्री मीडियम वेव्हचं रूपच बदलतं. दिवसा वातावरणाच्या वरच्या भागात एक थर असतो तो या लाटा पिऊन टाकतो, सूर्य मावळला की तो विरतो आणि मग लाटा त्याच्याही वरच्या थरावर आपटून शेकडो किलोमीटर लांब येऊन पडतात. माझ्या जवळच्या स्टेशनच्या मागे, एकदम मागे, दुसरं काहीतरी उगवायचं. एक बाई, भाषा अनोळखी, वाक्याच्या शेवटी आवाज खाली नेण्याची एक लकब. मिनिटभर फुलायची, विझायची, परत यायची. असं वाटायचं की समुद्रावर कुणीतरी बोलतंय आणि वारा फिरतोय. तिला माहीत नव्हतं की तिच्या स्टेशनची वीज एक बाई बोटाने उतरवून घेतेय. आणि मी हात काढला की ती गायब, मी ठेवला की ती आहे, हा सगळा प्रकार जरा जास्तच गोड होता. लहानपणी उभं राहायचे तेव्हा ऐकणारे बाबा होते. आता धरणारी पण मीच, ऐकणारी पण मीच.

एकीकडे घाई पण वाटत होती. मीडियम वेव्हची स्टेशनं एकेक करून बंद होतायत, जर्मनीच्या डॉइचलांडफुंक या रेडिओ केंद्राने २०१५ च्या शेवटच्या दिवशी मीडियम वेव्ह बंद केली, इतरांनीही केली, वीज फार खाते आणि ऐकणारे कमी. त्यात चूक काही नाही. पण माझी फळी दुसरं काही ऐकूच शकत नाही, डिजिटल तिच्यासाठी नुसती खरखर. मी अगदी शेवटच्या बसला लोंबकळत चढल्यासारखं झालंय.

शनिवारी नवरा म्हणाला, अगं ती सळई आणून ठेवलीयस ती ठोकायची कधी? म्हणून मग दोघांनी घरामागे मातीत मीटरभर लांब लोखंडी सळई ठोकली. तो ठोकत होता, मी धरून होते, परत धरणारी मीच बघा. भोवती बादलीभर पाणी ओतलं, कारण कोरडी माती वीज नीट नेत नाही. सळईला पॉलिश पेपर मारला, जाड वायर क्लॅम्पने आवळली, खिडकीतून आत आणली. (कुणी करणार असेल तर एक सांगते, घरातल्या प्लगच्या अर्थच्या भोकात वायर खुपसायचा शहाणपणा करू नका, आणि ढग गडगडायला लागले की एरियल काढून बाहेर टाका, यात हौस वगैरे काही नाही.) वायर स्क्रूखाली घातली, आवळली, आणि मी हात मागे घेतला.

आवाज एवढा मोठा आला की मी इअरफोन कानातून काढून बघितला. चौपट तरी असेल. आणि शब्द कळत होते! आठवडाभर जो माणूस भिंतीपलीकडे पुटपुटत होता तो समोर येऊन बसला. काय सांगत होता तर उद्याचं तापमान. मी परत अर्थच्या स्क्रूवर बोट ठेवलं. काही नाही. काढलं, ठेवलं, काढलं. कणभर फरक नाही.

मुलाला बोलावलं. तो पालथा पडून फळीसमोर पसरला, इअरफोन लावला, दुसरा कान तळव्याने दाबून धरला, आणि हळूहळू गँगची खुंटी फिरवायला लागला. तोंड किंचित उघडं. मी शेजारी बसले आणि त्याच्या चेहऱ्याकडे बघत राहिले, कुठल्याशा जागी त्याचा हात थांबला, भुवया वर गेल्या, तिथेच थांबला. मला विचारायचं होतं काय येतंय, पण विचारलं नाही. पाच मिनिटं झाली, दहा झाली. मग मला काय झालं माहीत नाही, मी गुपचूप हात पुढे केला आणि दुसऱ्या बाजूच्या, एरियलच्या स्क्रूवर बोट टेकवलं.

त्याने डोळे पण उघडले नाहीत.

"आई, हात काढ."